उलट्या पिळाची तार

वळणाच्या अलीकडे चौथ्यातून तिसऱ्यात येण्यासाठी मी गिअरचा दांडा ओढला आणि तो हातात मोकळा आला. तुटला नव्हता. पातेल्यातल्या डावासारखा चारी बाजूंना फिरत होता, एवढंच. इंजिन ओरडत राहिलं, पण चाकांपर्यंत त्यातलं काही पोचेना. मागच्या दोन गाड्या दोन बाजूंनी निघून गेल्या. उरलेल्या वेगावर मी गाडी डावीकडच्या गवतात उतरवली आणि तारेच्या कुंपणाला लागून उभी केली.

सहा तासांच्या शर्यतीतला पाचवा तास संपत आला होता.

झेंडा हातात घेतलेला मार्शल छत्रीसकट धावत आला. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. नाव सेल्वम, एरवी तो शाळेत भूगोल शिकवायचा, हे नंतर कळलं.

"लागलं नाही ना?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"नाही. गिअर पडत नाही."

"मग तुम्हालाच करावं लागेल. गाडीत असतील त्याच हत्यारांनी. दुसऱ्या कुणाचा हात लागला की तुमची शर्यत संपली." मग तो म्हणाला, "कुणी बाहेरून बोललं तर चालतं. हात नाही."

नियम मला माहीत होता. पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या थांब्यावर, कुणीही गाडीला हात लावावा. पिटच्या बाहेर, रस्त्यात कुठंही बंद पडली, तर फक्त चालवणाऱ्यानं. मी हेल्मेट काढलं, सीटच्या मागची हत्यारांची गुंडाळी काढली आणि मागचं झाकण उचललं. गरम तेलाचा वास तोंडावर आला.

त्या गाडीला आम्ही बेडकी म्हणायचो. ठेंगणी, हिरवी, डोळे वर आलेली. कोल्हापूरला उद्यमनगरात माझ्या वडिलांचं, आबांचं, आणि भूपालकाका मगदूमांचं टर्निंगचं वर्कशॉप होतं. त्याच्या मागच्या शेडमध्ये दोघांनी ती तीन वर्षं खपून बांधली होती. इंजिन फियाटचं, बाकी जवळजवळ सगळं हातचं. मद्रासच्या बाहेर दरवर्षी ही शर्यत व्हायची. मोठ्या टीमचे ट्रक यायचे, रंगीत तंबू यायचे, आणि आमचा एक उसना टेम्पो यायचा. चार वर्षं आबा आणि काका आलटून पालटून चालवत होते आणि चारही वर्षं शेवटचा झेंडा त्यांनी ओलांडला नव्हता. एकदा गिअरबॉक्स गेला, एकदा रेडिएटर. एकदा काकांनी बेडकी शेजारच्या भुईमुगात घातली. चौथ्या वर्षी ती शेवटच्या फेरीत, झेंडा दिसत असताना, बंद पडली. शर्यत पुरी केलेल्यांच्या यादीत नाव येण्यासाठी तो झेंडा चालत्या गाडीतून ओलांडावा लागतो. उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर माणसं विचारायची, "काय हिंदुराव, यंदा कुठवर?" आबा हसून सोडून द्यायचे आणि घरी आल्यावर जेवायचे नाहीत.

यंदा आबांच्या जागी मी होते. दिवाळीनंतर एका रविवारी आबांनी मला गावाबाहेरच्या माळावर बेडकी पळवायला लावली आणि स्वतः घड्याळ घेऊन उभे राहिले. परत येताना म्हणाले, "यंदा तू आणि भूपाल. माझी कंबर धरते." मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, बी.ए. होऊन नगर वाचनालयात नोकरी करत होते. कंबरेवर माझा विश्वास बसला नाही. घड्याळावर बसला. मला वाटलं, माझा वेग पाहून त्यांनी मला जागा दिली आणि कंबरेचं नाव काकांसाठी पुढं केलं. वडील माणसं असं करतात, असं मी समजून चालले होते.

कुंपणापलीकडं काटेरी झुडपांतून आबा चालत येताना दिसले. पिटपासून तिथवर बरंच अंतर होतं. काका पिटमध्येच राहिले होते. नुकतेच दोन तास चालवून ते बादलीत पाय घालून बसले होते. आबा हात पाठीमागं बांधून, जमीन बघायला आलेल्या तलाठ्यासारखे येत होते. हल्ली ते असेच चालायचे.

"काय झालं?"

"दांडा मोकळा आलाय."

"मागची दांडी बघ. सांध्याला बोल्ट आहे का?"

मी वाकून पाहिलं. दांडीची दोन टोकं एकमेकांपासून सुटून लोंबत होती. "नाही."

"पडला." आबा जाळीच्या आणखी जवळ आले. "गुंडाळीत दुसरा आहे. त्या ह्याच्यात बघ. त्याच्या शेजारी."

"कशाच्या शेजारी?"

"अगं, त्या ह्याच्या. लहान पक्कड असते त्याच्या."

आबांना सांगता येत नसे. करता सगळं येई. वर्कशॉपमध्ये पोरं काही चुकू लागली की ते नुसतं "सर" म्हणत, पोराला बाजूला सारत, हातातला पाना काढून घेत आणि काम करून टाकत. त्यांच्याकडं पाच-पाच वर्षं राहिलेली पोरं म्हणायची, हिंदुरावांनी आम्हाला एक शब्द शिकवला: सर. त्यामुळं कुंपणाच्या जाळीमागं उभं राहून, हात न लावता, एकेक गोष्ट तोंडानं सांगायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली असावी.

"मिळाला. आता?"

"घाल की आता. वरून. वॉशर आधी. नको, थांब. दोन्ही टोकं जुळव. जुळली? अशी नाही, उलटी. तुझ्या डावीकडनं."

"माझ्या का तुमच्या?"

"तुझ्या गं. मी काय गाडीत बसलोय?"

बोल्ट घालायच्या आधी मी भोकाभोवती बोट फिरवलं आणि बोटाला तार टोचली. धक्क्यांनी नट सैल होऊ नये म्हणून अशा बोल्टच्या डोक्यातून बारीक पोलादी तार ओवून ती पिळून शेजारच्या कडीला बांधतात. त्या तारेचा तुटका तुकडा कडीला तसाच राहिला होता. मी तो ओढून काढला आणि उजेडात धरला.

बेडकीवर अशा तीसेक तारा होत्या, आणि त्या सगळ्या आबांनी बांधलेल्या होत्या. ते काम ते कुणाला देत नसत, ना पोरांना, ना काकांना. आबा डावखुरे. त्यांच्या तारेचा पीळ बाकीच्यांपेक्षा उलट्या दिशेनं जाई आणि इतका एकसारखा असे की लांबून आटे पाडल्यासारखा दिसे. शेवटचं टोक ते आत वळवून त्याचा बारीक आकडा करत, म्हणजे पुढं कुणाच्या बोटात जायला नको. मद्रासला येणारे जुने मिस्त्री तार पाहून म्हणत, ही कोल्हापूरची.

माझ्या हातातल्या तुकड्याला पीळ असा नव्हताच. दोन वेढे घट्ट, मग सैल, मग तार स्वतःवरच चढलेली. टोक उघडं. नवशिक्या पोरानं पहिल्या दिवशी बांधावी तशी.

"आबा, ही तार कुणी बांधली?"

"बोल्ट घाल आधी."

"आबा, कुणी बांधली?"

ते जाळीतून त्या तुकड्याकडं बघत होते. गिअरच्या सांध्याचं काम निघायच्या आदल्या दिवशी झालं होतं. तारा बांधताना त्यांनी शेडचं दार आतून लावून घेतलं होतं. पण ते नेहमीच लावत.

"मीच," ते म्हणाले.

मी तो तुकडा सूटच्या खिशात टाकला. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

बोल्ट बसला, पण आवळेना. वरून डोकं फिरवलं की खालचा नट सोबत फिरे. नट एका हातानं धरायचा तर दुसरा हात वर पोचत नव्हता. मधे तापलेला सायलेन्सर होता. माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला चांगला चट्टा उठला. कुंपणाची जाळी खाली एका ठिकाणी कुत्र्यांनी उचकटली होती. तिथून बेडकीचा मागचा भाग हातभर लांब असेल.

सेल्वमनं ती फट पाहिली. मग माझ्याकडं आणि आबांकडं पाहिलं. "फार ऊन आहे," तो म्हणाला. "मी जरा पाणी पितो." तो चार पावलं लांब गेला, आमच्याकडं पाठ करून उभा राहिला, आणि छत्रीसुद्धा मागच्या बाजूला कलती केली. बाटलीचं झाकण त्यानं फार सावकाश उघडलं.

"आबा, या फटीतून हात घाला," मी हळू आवाजात म्हणाले. "नुसता पाना धरा. दहा सेकंदांचं काम आहे. तो बघत नाही."

आबा फटीजवळ उकिडवे बसले. पाठीमागचे हात त्यांनी पुढं आणले आणि गुडघ्यांवर ठेवले. तेव्हा मी पाहिलं. हात हलत होते. म्हातारपणात हलतात तसे नव्हे. आबा त्रेपन्न वर्षांचे होते. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट, काहीतरी मळत असल्यासारखी, थांबतच नव्हती. आबा स्वतःही त्यांच्याकडं, दुसऱ्या कुणाची हत्यारं पाहावीत तसे, पाहत होते.

"मला नाही जमायचं, उजू."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. कंपवात म्हणतात." मग म्हणाले, "जमत असतं तर आत्ता हात घातला असता का नसता, ते आता कळायचं नाही."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. त्यांतल्या एकीच्या, मुंबईच्या टीमच्या पांढऱ्या गाडीच्या, ड्रायव्हरची मान आमच्याकडं वळलेली मला दिसली.

"पाना खालनं लाव," आबा म्हणाले. त्यांचा आवाज आता वेगळा होता, सरळ. "त्याचा दांडा नळीला टेकव. चॅसिसची आडवी नळी आहे ना, तिला. नट फिरायला लागला की पाना नळीवर अडेल. मग धरायची गरज नाही. वरनं दोन्ही हातांनी आवळ."

मी केलं. पाना अडला. बोल्ट बसला.

"आता तार. मोठं बंडल नको, बारीक."

"माहीत आहे."

"पीळ देताना ताण सोडू नकोस."

"माहीत आहे, आबा."

मी तार ओवली, पक्कड धरली आणि पिळू लागले. मी उजव्या हाताची आहे. पण तार बांधणं मी लहानपणापासून फक्त एकाच माणसाचं पाहिलं होतं, वर्कशॉपच्या दारात गृहपाठ करत बसून. त्यामुळं माझा हात आपोआप उलट्या दिशेनं गेला. टोक आत वळवलं.

"हे तुला कुणी शिकवलं?" आबांनी विचारलं.

"कुणी नाही."

त्यांनी मान हलवली आणि हात परत पाठीमागं नेले.

सेल्वम पाणी पिऊन आला. मी हेल्मेट घातलं, गिअर टाकला, पडला. पुढचा तास मी कसा चालवला ते मला फारसं आठवत नाही. पिटसमोरून जाताना भूपालकाका पाटी धरत. शंभरेक पाट्यांत आमची एकटीच मराठी होती. पहिल्यांदा तिच्यावर लिहिलं होतं "बरी?", मग "हळू", आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना "देवा". काका जैन, एरवी ते आबांच्या देवांची टिंगल करायचे.

चौकटीचा झेंडा पडला तेव्हा आम्ही एकूण अकरावे होतो, आमच्या वर्गात तिसरे. मुंबईची पांढरी गाडी त्याच वर्गात चौथी.

काकांनी मला गाडीतून जवळजवळ उचलून काढलं. मग आबांच्या पाठीत गुद्दा घातला. "अकरावा रे, हिंद्या! आणि तू काय खिशात हात घालून उभारलाईस, सोयरीक बघायला आल्यागत? काढ की हात भाइर."

आबा हसले. हात खिशातच राहिले.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आत्ता या आषाढात, आबा गेले. बाराव्याला जुने लोक आले होते, दूरदूरचे मिस्त्री, हातात टोप्या घेऊन. सगळे एकच बोलत होते: काय हात होता माणसाचा. आई ऐकत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. मी सगळ्यांना चहा दिला. त्यातल्या एकानं मद्रासच्या शर्यतीची गोष्ट सांगितली, बरीचशी चुकीची. मी दुरुस्त केली नाही. दुरुस्त करायची तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

त्या दिवशी झेंड्यानंतर तासाभरानं आम्हाला पंचांच्या खोलीत बोलावलं. पत्र्याचं छप्पर, एक टेबल, एक टेबलफॅन. मुख्य पंच राघवन म्हणून हवाई दलातले निवृत्त अधिकारी होते. शेजारी सेल्वम छत्री धरून उभा. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या टीमचे मॅनेजर, सबनीस. त्यांनी आमच्यावर तक्रार केली होती: रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला बाहेरच्या माणसानं हात लावला.

"माझ्या ड्रायव्हरनं पाहिलं," सबनीस म्हणाले. "हे कुंपणाच्या भोकाशी बसले होते, हात पुढं करून."

राघवन यांनी सेल्वमला विचारलं. सेल्वम घामाघूम झाला होता. "मी पाणी पीत होतो, सर. माझी पाठ होती."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ."

त्यानं केलेला चांगुलपणा आता कुणाच्याच उपयोगाचा नव्हता.

तांत्रिक तपासनीस गाडी पाहून आला. गिअरच्या सांध्याची तार नवीन आहे, तो म्हणाला, आणि गाडीवरच्या बाकीच्या सगळ्या तारांसारखीच आहे. उलटा पीळ, आत वळलेलं टोक. एकाच हातची.

सबनीस मराठीत आबांना म्हणाले, "हिंदुराव, राग मानू नका. पोरगी झकास चालवते, मी कबूल करतो. पण तुमचा पीळ आम्ही सगळे ओळखतो. ही तार पोरीच्या हातची नाही."

"माझ्याच हातची आहे," मी म्हणाले.

"बांधून दाखवाल?" राघवन यांनी विचारलं.

तपासनिसानं तार आणि पक्कड आणली. मी टेबलाच्या दोन खिळ्यांमध्ये बांधून दाखवली. तपासनिसानं ती बोटानं चाचपली आणि मान डोलावली. काका म्हणाले, "झालं की मग. आता काय सत्यनारायण घालायचा?"

"तिला येतं, हे कळलं," सबनीस म्हणाले. "यांनी केलं नाही, हे कुठं कळलं? बाप तिथं बसलेला, ही तार त्याच्यासारखी, मार्शलची पाठ. तुम्हीच सांगा मगदूम, माझ्या जागी तुम्ही गप्प बसला असता?"

काका गप्प बसले. कारण ते बसले नसते.

राघवन यांनी आबांकडं पाहिलं. "मिस्टर पोवार, तुम्ही गाडीला हात लावला?"

"नाही."

"मग हात पुढं करून काय करत होता?"

टेबलफॅन एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेला आणि परत आला.

ती तुटकी तार माझ्या खिशात होती. ती टेबलावर ठेवली की उत्तर मिळत होतं. पण काका माझ्या शेजारी उभे होते, सबनीस समोर, दारात दोन-तीन टीमचे मिस्त्री डोकावत होते. आबांचा पीळ ओळखणारे तेच. मी खिशाला हात लावला नाही. अकरावा नंबर जाऊ दे, असं मी ठरवून टाकलं होतं. पाचव्यांदाही झेंडा मिळाला नाही, तर उद्यमनगरात लोक आणखी एक वर्ष हसतील. हसण्याची आम्हाला सवय होती.

"उजू," आबा म्हणाले, "खिशातली तार दे."

"कसली तार?"

"दे."

मी दिली नाही. टेबलावर ठेवली. सगळे वाकून पाहू लागले.

"त्यांना इंग्रजीत सांग," आबा म्हणाले. "ही मी निघायच्या आदल्या दिवशी बांधली. माझ्या हातानं. ही तुटली म्हणून बोल्ट पडला."

मी सांगितलं.

"सांग, याच्यापेक्षा बरी तार आता मला बांधता येत नाही."

मी आबांकडं पाहिलं. ते राघवनकडं पाहत होते. मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. त्या भाषेत ते फार लहान झालं.

आबांनी खिशातून हात काढले आणि टेबलावर, त्या तारेच्या दोन बाजूंना ठेवले. टेबलावर तक्रारीचा कागद होता. डावा हात त्याच्यावर पडला आणि कागद वाजायला लागला. कागद वाजत राहिला. आबांनी हात उचलला नाही.

"मी तक्रार मागं घेतो," सबनीस म्हणाले.

"त्याची गरज नाही," राघवन म्हणाले. "तक्रार फेटाळली आहे. निकाल आहे तसाच राहील." ते उठून उभे राहिले, आणि मग तपासनीसही उठला. आबांना कळेना की आता जायचं की थांबायचं. मी त्यांच्या कोपराला धरून बाहेर आणलं.

काका आमच्या पुढं चालत टेम्पोपर्यंत गेले. बेडकी टेम्पोमागं उभी होती. त्यांनी टेम्पोचं फाळकं पाडलं, फळ्या ओढून काढल्या, एक फळी लावली, मग थांबले.

"वहिनींना ठाऊक आहे?"

"आहे," आबा म्हणाले. "शर्टाची बटणं तीच लावते."

"आणि त्या सबनिसाला ठाऊक झालं. त्या भूगोलाच्या मास्तरला झालं." काकांनी दुसरी फळी नको इतक्या जोरात आदळली. "सत्तावीस वर्सं एका छपराखाली आहे मी तुझ्याबरोबर. मला शेवटी?"

"तुला सांगितलं असतं, तर तू यंदा गाडी काढूच दिली नसतीस."

"नसतीच दिली."

"म्हणून."

"सुंभ जळला तरी तुझा पीळ जायचा नाही," काका म्हणाले, आणि ते हसण्यावारी नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "म्हणजे हिला बसवलीस ती त्यामुळं होय? कंबर नव्हतीच."

मी फळीपाशी उभी होते. आबांना माहीत होतं की मी ऐकतेय.

"त्यामुळंच," ते म्हणाले.

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते ऐकायला सोपं गेलं. चार महिने जे घड्याळ माझ्या बाजूचं होतं, ते माझ्या बाजूचं नव्हतं, एवढंच.

आबांनी टेम्पोच्या कडेला टेकून उसासा टाकला. "त्यामुळंच बसवली. माळावर घड्याळ धरून उभा राहिलो ते ही निभावेल का बघायला. ही माझ्यापेक्षा चार सेकंद पुढं निघाली. घड्याळ बिघडलं असं वाटून मी ते घड्याळवाल्या जाधवाकडं दाखवून आलो. काही बिघडलं नव्हतं." ते काकांकडं बघून बोलत होते, माझ्याकडं नाही. "उद्या हात बरे झाले तरी मी बसणार नाही, भूपाल. आपण दोघं मिळून चार वर्षं वाया घालवली."

काका बराच वेळ फळ्या सारख्या करत राहिले. त्या केव्हाच सारख्या झाल्या होत्या.

"चढव उजू," शेवटी ते म्हणाले.

टेम्पोत गाडी चढवायचं काम नेहमी आबांचं. दोन फळ्या, प्रत्येकी वीतभर रुंद, आणि बेडकीचं नाक असं की चालवणाऱ्याला फळ्या दिसतच नाहीत. पुढं उभ्या माणसाच्या हातांकडं बघून घ्यावी लागते. मी बसले. आबा टेम्पोच्या हौद्यात चढले, माझ्यासमोर उभे राहिले, आणि त्यांनी दोन्ही हात वर केले, सगळ्यांना दिसतील असे.

मी पहिला गिअर टाकला. चाकं फळ्यांना लागली. हात इतके हलत होते, की डावीकडं म्हणतात का उजवीकडं, काही कळेना. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत गाडी वर घेतली.